अभियांत्रिकी आणि तांत्रिक नोकऱ्यांचा बाजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढची दहा वर्षं इंजिनिअरिंगला स्कोप आहे का?

‘इंजिनिअरिंग’ एवढा मोठा शब्द धरून विचारलं तर कामाचं उत्तर मिळत नाही. इंजिनिअरची किंवा तंत्रज्ञाची मागणी आपली आपण उभी राहत नाही. कुणीतरी कारखाना उभारायला घेतं, वीजवाहिनी टाकायला घेतं, जुनी यंत्रं बदलायला काढतं, तेव्हा माणसं लागतात. गुंतवणूक पुढे आणि नोकऱ्या तिच्या मागे, असा हा क्रम आहे. गुंतवणूक थबकली की पहिला फटकाही इथेच बसतो.

२०१४ च्या मध्यात कच्च्या तेलाचं पिंप ११० डॉलरच्या वर होतं. जानेवारी २०१६ मध्ये ते ३० डॉलरच्याही खाली आलं. नव्या विहिरी खोदणं थांबलं आणि ड्रिलिंगमधली माणसं जगभर घरी बसली. चालू रिफायनऱ्यांतले पंप, कॉम्प्रेसर आणि हीट एक्स्चेंजर सांभाळणाऱ्यांना मात्र त्याच काळात काम होतं, कारण तेल स्वस्त झालं म्हणून कुणी रिफायनरीची देखभाल सोडून देत नाही. क्षेत्र एक, मंदी एक, पण दोन प्रकारच्या कामांची गत वेगवेगळी.

म्हणून शाखेच्या नावाआधी, आपलं काम प्रकल्पाच्या कोणत्या टप्प्यात येतं ते बघा. डिझाइनची माणसं सर्वांत आधी घेतली जातात आणि प्रकल्प अडला की आधी मोकळीही होतात. उभारणीच्या वेळी सर्वांत जास्त हात लागतात, पण ते काम एका ठरावीक तारखेला संपतं. कमिशनिंगला, म्हणजे उभारलेला प्लांट तपासून पहिल्यांदा चालू करण्याच्या कामाला, माणसं थोडी आणि शिकायला भरपूर. देखभाल दिसायला साधी, पण प्लांट वीस-तीस वर्षं चालतो तोवर ती चालू राहते. पहिल्या पाच वर्षांत कमिशनिंग आणि देखभाल या दोन्हींचा अनुभव मिळत असेल तर पगार थोडा कमी असला तरी ती नोकरी घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

‘अमुक क्षेत्रात ४० टक्के वाढ’ असे अहवाल येतात. ते कसे वाचायचे?

टक्के बाजूला ठेवा आणि माणसं मोजा. समजा, एका कामात आज १०,००० लोक आहेत आणि दहा वर्षांत फक्त ३ टक्के वाढ होईल असा अंदाज आहे. म्हणजे वाढीच्या जागा ३००, वर्षाला ३०. पण निवृत्ती, बढती आणि क्षेत्रबदल यांमुळे दर वर्षी ४ टक्के लोक बाहेर पडत असतील, तर त्यांच्या ४०० जागा भराव्या लागतात. एकूण भरती वर्षाला ४३०.

आता दुसरं काम घ्या. तिथं आज १,००० लोक आहेत आणि वाढीचा अंदाज ४० टक्के. वाढीच्या जागा ४००, म्हणजे वर्षाला ४०. त्यात बाहेर पडणाऱ्यांच्या जागी भरायच्या ४० धरल्या तरी एकूण ८०. मथळा दुसऱ्या कामाचा होतो आणि नोकऱ्या पहिल्यात असतात. फिटर, इलेक्ट्रिशियन, मेंटेनन्स टेक्निशियन ही कामं पहिल्या प्रकारातली आहेत. त्यांच्यावर कुणी उत्साहानं लिहीत नाही, पण जागा निघत राहतात.

जागतिक आर्थिक मंचाच्या जानेवारी २०२५ च्या अहवालात २०३० पर्यंत १७ कोटी नव्या नोकऱ्या तयार होतील आणि ९.२ कोटी जातील, असं म्हटलं आहे. निव्वळ वाढ ७.८ कोटी. असे आकडे प्रामुख्यानं कंपन्यांना विचारून काढलेले असतात. कंपन्यांच्या मनात आज काय आहे ते त्यातून कळतं. दिशा समजून घ्यायला ते चांगले, पण शाखा निवडायला पुरेसे नाहीत.

सध्या सगळे जिकडे वळतायत तीच शाखा घेतलेली बरी ना?

इथं सावध राहा. अर्थतज्ज्ञ रिचर्ड फ्रीमन यांनी १९७६ मध्ये नव्या इंजिनिअरांच्या पगारांचा अभ्यास मांडला होता. पगार चढले की त्या शाखेकडे विद्यार्थ्यांची रीघ लागते. चार वर्षांनी ते सगळे एकदम बाजारात उतरतात, पगार पडतात, मग प्रवेश घटतात आणि पुढच्या चार वर्षांत पुन्हा टंचाई येते. शिकायला लागणारा वेळ हेच या हेलकाव्याचं कारण आहे. आज दिसणारा पगार हा चार वर्षांपूर्वीच्या प्रवेशांचा परिणाम असतो. तुम्हाला मिळणारा पगार आज तुमच्यासोबत किती जण प्रवेश घेतायत त्यावर ठरेल.

उपाय सोपा आहे. मूळ शाखा रुंद ठेवा, म्हणजे मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर, आणि अरुंद विषय शेवटच्या वर्षात किंवा नोकरीत जोडा. नावातच आजचं तंत्रज्ञान असलेली पदवी चार वर्षांत जुनी वाटू शकते.

आयटीमधली कपात एआयमुळे झाली का?

पहिली मोठी लाट एआयमुळे आली नव्हती. २०२० आणि २०२१ मध्ये व्याजदर शून्याच्या आसपास होते, सगळं जग ऑनलाइन गेलं होतं आणि कंपन्यांनी भरमसाट भरती केली. मार्च २०२२ पासून अमेरिकी फेडरल रिझर्व्हनं दर चढवायला सुरुवात केली आणि जुलै २०२३ पर्यंत ते ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेले. स्वस्त पैसा संपला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटानं ११,००० माणसं कमी केली, जानेवारी २०२३ मध्ये गुगलनं १२,००० जणांची कपात जाहीर केली. चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं ते ३० नोव्हेंबर २०२२ ला, मेटाच्या घोषणेनंतर.

त्यानंतरचं चित्र मिसळलेलं आहे. व्याजदर, आधीची जादा भरती आणि आता एआय, ही तिन्ही कारणं एकत्र काम करतायत. त्यांतला एआयचा भाग नवख्यांना सर्वांत जास्त जाणवतो.

मग एआय नेमकी कोणाची कामं घेणार?

अख्खी नोकरी एका झटक्यात जाते असं क्वचित होतं. नोकरीतले काही तुकडे जातात. इनपुटही मजकूर, आउटपुटही मजकूर आणि चूक झाली तरी लगेच दुरुस्त करता येते, असे तुकडे आधी जातात: साधा कोड, टेस्ट केस, मॅन्युअलचा मसुदा, रिपोर्ट, आधीच्या ड्रॉइंगवरून नवी आवृत्ती. जिथं प्रत्यक्ष जागेवर जावं लागतं, प्रत्येक जागा वेगळी असते किंवा कुणालातरी जबाबदारीनं सही करावी लागते, ते तुकडे टिकतात.

खरी अडचण शिडीच्या खालच्या पायऱ्यांची आहे. नवखा ज्या सोप्या कामांवर शिकायचा, नेमकी तीच कामं आता यंत्राकडे जातायत. त्यामुळे ‘मला कोड लिहिता येतो’ एवढं सांगून आता भागत नाही. लिहिलेला कोड तपासून त्यातली चूक दाखवता आली पाहिजे.

एक उदाहरण घ्या. एआयला सांगितलं, ‘मोटर स्टार्ट-स्टॉपचा पीएलसी प्रोग्रॅम लिही, इमर्जन्सी स्टॉपसकट.’ (पीएलसी म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणारा छोटा संगणक.) उत्तर नीटनेटकं येतं, सिम्युलेशनमध्ये चालतंही. पण स्टार्टची आज्ञा बिटमध्ये धरून ठेवलेली असते आणि इमर्जन्सी स्टॉप दाबल्यावर ती बिट रिसेट होत नाही. कुणी बटण फिरवून सोडलं की मोटर आपोआप सुरू होते, आणि त्या क्षणी एखाद्याचा हात बेल्टमध्ये असू शकतो. इमर्जन्सी स्टॉप सोडल्यामुळे यंत्र स्वतःहून सुरू होता कामा नये, त्यासाठी वेगळं रिसेट आणि मग वेगळी स्टार्टची आज्ञा लागते. शिवाय हे संरक्षण साध्या प्रोग्रॅमच्या भरवशावर ठेवत नाहीत, त्यासाठी सेफ्टी रिले किंवा सेफ्टी पीएलसी असतो. हे ज्याच्या लक्षात येतं त्याची गरज एआयमुळे उलट वाढली आहे.

कोणत्या कामांना माणसं कमी पडतायत?

याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं, कारण इथं जागा आहेत आणि त्यांच्याकडे लक्ष कमी आहे.

*वीज.* आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार डेटा सेंटरनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली, जगाच्या वापराच्या साधारण दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा ९४५ च्या आसपास जाईल असं तिचं म्हणणं आहे. अंदाज थोडा चुकला तरी ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर, केबल आणि बॅटरी बसवाव्या लागणारच. यात सर्वांत दुर्मीळ आहे तो प्रोटेक्शनचं, म्हणजे बिघाड होताच वीज आपोआप तोडणाऱ्या यंत्रणेचं, काम येणारा माणूस. रिलेचं सेकंडरी इंजेक्शन टेस्टिंग (रिलेत चाचणीचा करंट सोडून तो बरोबर ट्रिप देतो का ते बघणं), सीटीचं म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मरचं रेशो आणि पोलॅरिटी तपासणं, सेटिंगची फाइल समजून घेणं हे त्याचं काम. सीटीची पोलॅरिटी एका फेजला उलटी लागली तर डिफरेन्शियल रिले लोड चढताच ट्रिप देतो आणि सगळे ट्रान्सफॉर्मरवर संशय घेत बसतात. हा दोष तासाभरात शोधणाऱ्याला नोकरी शोधत फिरावं लागत नाही.

*कंट्रोल आणि ऑटोमेशन.* २०२४ मध्ये जगभरात सुमारे ५.४२ लाख औद्योगिक रोबो बसवले गेले आणि वापरात असलेल्या रोबोंची संख्या ४६ लाखांच्या वर गेली. रोबो हातांची जागा घेतो हे खरं. पण प्रत्येक रोबो सेलला टीचिंग (हालचाली शिकवणं), ग्रिपर, सेन्सर, सेफ्टी फेन्स आणि देखभाल लागते. आयईसी ६११३१-३ या मानकातल्या लॅडर आणि स्ट्रक्चर्ड टेक्स्ट या दोन भाषा पक्क्या केल्या की कंपनी बदलली तरी पीएलसी परका वाटत नाही. त्यानंतर नेटवर्क शिका. आज निम्मे फॉल्ट वायरिंगपेक्षा आयपी पत्ता, स्विच आणि डिव्हाइस फाइल यांतच शोधायला लागतात, असं साइटवरचे लोक सांगतात.

*रेफ्रिजरेशन आणि एसी.* २०१६ च्या किगाली दुरुस्तीनं एसी-फ्रिजमधले, हवामान तापवणारे जुने एचएफसी वायू टप्प्याटप्प्यानं कमी करायचं ठरलं, १ जानेवारी २०१९ पासून ती लागू आहे. त्यांच्या जागी आर-३२ सारखे सौम्य ज्वलनशील आणि आर-२९० म्हणजे प्रोपेनसारखे अति ज्वलनशील वायू येतायत. त्यामुळे जुन्या सवयी धोक्याच्या झाल्या आहेत. जोडकामाचा ब्रेझिंग टॉर्च पेटवण्याआधी वायू काढून घेऊन लाइन नायट्रोजननं साफ करावी लागते. पंप किती वेळ चालला ते बघून व्हॅक्यूम ठरवायचा नसतो, व्हॅक्यूम मोजणारा मायक्रॉन गेज लावून साधारण ५०० मायक्रॉनपर्यंत न्यायचा, पंप बंद करायचा आणि आकडा टिकतो का ते बघायचं. हळूहळू चढून एका जागी थांबला तर आत ओल आहे, चढतच राहिला तर गळती आहे. एवढी शिस्त असलेला मेकॅनिक कुठल्याही देशात कामाला लागतो.

*वेल्डिंग आणि एनडीटी (वस्तू न तोडता आतले दोष शोधणं).* ४५ अंशात पक्क्या बसवलेल्या पाइपचं, म्हणजे ६जी पोझिशनचं वेल्डिंग येणारे आणि अल्ट्रासॉनिक चाचणी विश्वासानं करणारे लोक शटडाऊनच्या, म्हणजे प्लांट दुरुस्तीसाठी बंद ठेवायच्या, हंगामात शोधून सापडत नाहीत.

विमान देखभालीतही चणचण आहे, पण तिथं परवाना मिळायला काही वर्षांचा नोंदवलेला अनुभव लागतो. घाई असणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

सर्टिफिकेट घेऊन फायदा होतो का?

दोन प्रकार वेगळे करा. काही सर्टिफिकेटशिवाय कामाला हातच लावता येत नाही, काही फक्त बायोडेटा सजवतात. पहिल्या प्रकारावर पैसे घाला.

पण पहिल्या प्रकाराला मुदत असते आणि लोक तिथेच फसतात. आयएसओ ९६०६-१ खालची वेल्डरची पात्रता दर सहा महिन्यांनी जबाबदार व्यक्तीच्या सहीनं पुढे चालू ठेवावी लागते. एएसएमई या अमेरिकी संस्थेच्या संहितेच्या नवव्या विभागातही त्या प्रक्रियेनं सहा महिने वेल्डिंग केलं नाही तर पात्रता संपते. आयएसओ ९७१२ खालचं एनडीटी सर्टिफिकेट पाच वर्षांचं असतं, पण डोळ्यांची जवळची तपासणी दर वर्षी लागते. पवनचक्कीवर चढायचं जीडब्ल्यूओ (ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन) प्रशिक्षण साधारणपणे दोन वर्षांनी पुन्हा करावं लागतं. नोकरी मिळण्याच्या वर्षभर आधी हौसेनं केलेलं सर्टिफिकेट हातात नोकरी येईपर्यंत संपलेलं असू शकतं. आधी मागणी कुठे आहे ते बघा, मग कोर्स करा.

प्रशिक्षण संस्थेला तीन प्रश्न विचारा: सर्टिफिकेट कोणत्या मानकाखाली देता? परीक्षक तुमचाच की बाहेरचा? प्रत्येक विद्यार्थ्याला प्रत्यक्ष किती तास मशीन मिळतं? तिसऱ्याचं उत्तर आकड्यात आलं नाही तर प्रवेश घेऊ नका.

पदवी घेऊ की डिप्लोमा, ट्रेड?

हातानं दोष शोधायला आवडत असेल तर ट्रेड किंवा डिप्लोमा घेऊन लवकर कामाला लागा, पदवी नंतर जोडता येते. गणिताची आणि डिझाइनची ओढ असेल तर सरळ पदवी. या दोघांत वरचा-खालचा भेद करणं चुकीचं आहे. चांगल्या मेंटेनन्स टेक्निशियनवर प्लांटचं उत्पादन अवलंबून असतं.

परदेशी जायचं असेल तर एकमेकांचं तांत्रिक शिक्षण तुल्य मानणारे तीन आंतरराष्ट्रीय करार माहीत हवेत: पदवीधर इंजिनिअरसाठी वॉशिंग्टन करार १९८९ चा, टेक्नॉलॉजिस्टसाठी सिडनी करार २००१ चा आणि टेक्निशियनसाठी डब्लिन करार २००२ चा. हे करार कॉलेजला लागू होत नाहीत, विशिष्ट अभ्यासक्रमाला होतात. तुम्ही उत्तीर्ण झालात त्या वर्षी तो अभ्यासक्रम मान्यताप्राप्त होता का, हे तपासा. मान्यता असली तरी त्यातून शिक्षण तुल्य ठरतं, काम करायचा परवाना किंवा व्हिसा मिळत नाही.

शंभर अर्ज केले, एकही फोन नाही. काय चुकतंय?

बहुतेक वेळा बायोडेटात काम दिसत नाही, फक्त पदं दिसतात. ‘मेंटेनन्सची सर्व कामे पाहिली’ ही ओळ हजारो बायोडेटांत असते. तिच्या जागी असं लिहा:

‘१२ सीएनसी लेथ आणि ४ व्हीएमसी यांची प्रतिबंधात्मक देखभाल. स्पिंडल बेअरिंग बदल, सर्व्हो अलार्म, टरेट अलाइनमेंट. एका लेथवर वारंवार येणारा एक्स-अक्ष ओव्हरलोड अलार्म: बॉलस्क्रूची ल्युब्रिकेशन लाइन तुंबल्याचं शोधलं, लाइन बदलली, अलार्म थांबला.’

आता वाचणाऱ्याला यंत्र दिसतं, दोष दिसतो आणि तुमची विचार करायची पद्धतही. फक्त खरं तेच लिहा, कारण पुढचा पहिला प्रश्न त्याच ओळीवर येतो.

बाकी गोष्टी छोट्या पण नडणाऱ्या. फाइल मजकूर निवडता येईल अशी पीडीएफ असावी, स्कॅन केलेलं चित्र नसावं. दोन रकाने, तक्ते आणि कौशल्यांच्या पट्ट्या टाळा, छाननीच्या सॉफ्टवेअरला त्या नीट वाचता येत नाहीत. जाहिरातीत यंत्राचं किंवा मानकाचं नाव ज्या शब्दांत आहे त्याच शब्दांत लिहा. जाहिरात पडल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांत अर्ज करा. आणि शंभर अर्जांऐवजी वीस करा, पण प्रत्येक जाहिरात वाचून. ओळखीतून, जुन्या सहकाऱ्याकडून किंवा यंत्र पुरवणाऱ्या विक्रेत्याच्या सर्व्हिस इंजिनिअरकडून कळणाऱ्या जागा वेगळ्याच असतात. कुठल्या कारखान्यात काय बसतंय हे त्या सर्व्हिस इंजिनिअरला सर्वांत आधी ठाऊक असतं.

प्रॅक्टिकल मुलाखतीत काय बघतात?

क्रम बघतात. समजा, प्रश्न आला: ‘कन्व्हेयर थांबलाय, स्क्रीनवर फोटोसेन्सरचा फॉल्ट आहे. काय कराल?’ ‘सेन्सर बदलीन’ हे उत्तर दिलं की पुढचं फारसं कुणी ऐकत नाही.

आधी ऑपरेटरला विचारा, बंद पडण्याआधी काय झालं होतं. मग नुसतं बघा: लेन्सवर धूळ, हललेला रिफ्लेक्टर, अडकलेला बॉक्स. हात आत घालायच्या आधी ड्राइव्हचा आयसोलेटर बंद करून स्वतःचं कुलूप आणि टॅग लावा. कंट्रोलचा २४ व्होल्ट पुरवठा सहसा वेगळा असतो, त्यामुळे सेन्सर तरीही तपासता येतो. सेन्सरसमोर हात फिरवा. त्याचा दिवा बदलतो का? नसेल तर तपकिरी आणि निळ्या वायरमध्ये २४ व्होल्ट आहेत का ते मोजा. दिवा बदलतो पण पीएलसीच्या इनपुट कार्डावरचा दिवा बदलत नाही, तर दोष मधल्या काळ्या वायरमध्ये किंवा कनेक्टरमध्ये आहे. कंपनामुळे एम१२ कनेक्टर सैल होतो. केबल ड्रॅग चेनमधून जात असेल तर आतली तार वाकवून वाकवून तुटलेली असते आणि केबल हलवली की क्षणभर चालते. कार्डावरचा दिवाही बदलतोय, तरी फॉल्ट आहे, तर तो रिसेट झालेला नाही किंवा प्रोग्रॅममधला टायमर बघायला हवा. सेन्सर जंपर करून, म्हणजे वायर जोडून त्याला वगळून, लाइन चालवीन असं मात्र कधीही म्हणू नका.

मेकॅनिकलच्या मुलाखतीत मोजमापावर प्रश्न येतात. ०.०२ मिलिमीटर लघुतम मापाच्या व्हर्नियरनं ±०.०१ चा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) तपासता येत नाही. मापक टॉलरन्सपेक्षा बराच सूक्ष्म हवा, शक्यतो दहापट.

अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. यातून बाहेर कसं पडायचं?

शटडाऊनचं काम धरा. मोठे प्लांट ठरावीक काळानं काही आठवडे बंद ठेवून दुरुस्ती करतात, तेव्हा मदतनीस लागतात. तीन आठवड्यांत जितके व्हॉल्व्ह, गॅस्केट आणि पंप उघडलेले दिसतात तितके वर्षभर दिसत नाहीत. रोज काय केलं त्याची वही ठेवा: उपकरण, काम, वापरलेला टॉर्क, अडचण. हीच वही पुढे बायोडेटा होते.

सॉफ्टवेअरवाल्यांनी दहा अर्धवट प्रोजेक्टऐवजी एकच पूर्ण करावा: टेस्ट, चुकांची नोंद आणि बसवायची कृती यांसकट, दुसऱ्याला वापरता येईल असा.

कंत्राटी नोकरी घ्यावी का?

सुरुवातीला घ्यावी, पण सही करण्याआधी कागद वाचून. पगार कोण देणार, मूळ कंपनी की ठेकेदार? अपघात विमा कोणाचा? सुरक्षा साधनं कोण देणार? कंत्राट मध्येच संपलं तर किती दिवसांची सूचना? अनुभवाच्या पत्रावर यंत्रांची आणि साइटची नावं येणार का? शेवटचा प्रश्न बहुतेकांकडून राहून जातो आणि नंतर दोन वर्षांचं काम सिद्ध करता येत नाही.

कंपनी डबघाईला येतेय हे आधी कसं ओळखायचं?

तांत्रिक माणसाला हे अकाउंट्सच्याही आधी दिसू शकतं. स्पेअरच्या मागण्या अडकून पडतात. पुरवठादार ‘आधी पैसे, मग माल’ म्हणायला लागतो. वार्षिक देखभाल कंत्राटं नूतनीकरणाविना संपतात. कॅलिब्रेशनच्या तारखा उलटतात. एका बंद मशीनचे पार्ट काढून दुसरं चालवणं ही रीतच होऊन बसते. यांतलं एखादं लक्षण कुठेही दिसतं. तीन एकत्र आली आणि पगाराची तारीखही सरकली, तर शोध सुरू करा. नोकरीत असताना शोधणं आणि सुटल्यावर शोधणं यांत वाटाघाटीच्या ताकदीचा फार मोठा फरक पडतो.

पंचेचाळिशी ओलांडली. आता क्षेत्र बदलता येईल?

येईल, पण अनुभवाचं भाषांतर करावं लागेल. इंजिनचे भाग मशीनिंग करणाऱ्याचं खरं कौशल्य सूक्ष्म मापं, फिक्स्चर आणि टूल लाइफ हे आहे. ते पंप, कॉम्प्रेसर, हायड्रॉलिक्स आणि गिअर यांना जसंच्या तसं लागू पडतं. एका उत्पादनाशी बांधलेलं कौशल्य मात्र त्या उत्पादनासोबत जातं: वेब पानांवरच्या अ‍ॅनिमेशनसाठी वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅडोबी फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि केवळ त्यावर उभ्या असलेल्या कामाला त्यानंतर बाजार उरला नाही.

गाड्यांच्या मेकॅनिकनी विजेवरच्या गाड्यांकडे वळताना घाई करू नये. तिथं ४०० किंवा ८०० व्होल्टच्या श्रेणीतला डीसी असतो. सर्व्हिस डिस्कनेक्ट काढायचा, कपॅसिटर रिकामे होण्यासाठी उत्पादकानं दिलेला वेळ थांबायचं, मग योग्य रेटिंगच्या मीटरनं शून्य तपासायचं, आणि तो मीटर चालतोय हे आधी व नंतर माहीत असलेल्या पुरवठ्यावर पडताळायचं. प्रशिक्षणाशिवाय नारिंगी केबलला हात लावायचा नाही.

नोकरीसाठी आधी पैसे मागतायत. द्यावे का?

नाही. ‘अनामत’, ‘प्रोसेसिंग’, ‘लॅपटॉपचं डिपॉझिट’, नाव काहीही असो. कंपनीच्या संकेतस्थळावरून फोन नंबर स्वतः शोधा आणि ऑफर खरी आहे का ते विचारा.

नोकरी गेली. पहिल्या आठवड्यात काय करायचं?

बाहेर पडायच्या आधीच कागद गोळा करा: अनुभवपत्र, पगाराच्या पावत्या, प्रशिक्षणाची सर्टिफिकेटं, सुरक्षा प्रशिक्षणाच्या नोंदी. कंपनीची ड्रॉइंग, प्रोग्रॅम किंवा ग्राहकांच्या याद्या पेनड्राइव्हवर घेऊ नका. त्या तुमच्या नाहीत आणि पुढच्या मुलाखतीत त्या दाखवणाऱ्याला कुणी कामावर घेत नाही.

तुमचं काम जवळून पाहिलेल्या दोघांना फोन करून संदर्भ म्हणून नाव देऊ का ते विचारा. कोणत्या सर्टिफिकेटची मुदत कधी संपते त्याची एकच यादी करा आणि सर्वांत जवळची तारीख वर लिहा. वेल्डर असाल तर शेवटचं वेल्डिंग कोणत्या तारखेला, कोणत्या प्रक्रियेनं केलं, ही नोंद पर्यवेक्षकाच्या सहीसकट आजच मागून घ्या. सहा महिन्यांचं घड्याळ त्या तारखेपासून चालू झालेलं असतं, आणि ते संपण्याआधी चार दिवसांचं शटडाऊनचं काम मिळालं तरी त्यावर सही घेऊन पात्रता पुढे नेता येते.